पहिलं दळण गाईला

आमच्या गिरणीत भांडल्याशिवाय दळण न्यायचं नाही असा एका माणसाचा नेम होता. वीसेक वर्षांत तो नेम त्याने एकदाही मोडला नाही.

पनवेलच्या जुन्या बाजारात आमची पिठाची गिरणी आहे. वडिलांनी घातली, मी चालवतो. माझ्यानंतर कोण चालवणार हे कृपया विचारू नये, मी चिडतो. आत फार काही नाही. दगडांची एक जोडी, वर धान्य ओतायची लाकडी पेटी, खाली पीठ पडायला कापडाची लांब बाही, एक मोटर, एक पट्टा आणि या सगळ्यावर पिठाचा थर. थर माझ्यावरही असतो. लग्न ठरवायला आलेल्या लोकांनी मला गोरा समजलं होतं, असं बायको आजही चारचौघांत सांगते.

हल्ली नवीन पनवेलहून गिऱ्हाइकं येतात ती मोबाइलवर यादी घेऊन. सात धान्यं, कुठलं किती ग्रॅम, सगळं लिहिलेलं. एका बाईंनी मला विचारलं, तुमचं पीठ स्टोन ग्राउंड असतं का? मी दगडाकडे बघितलं आणि हो म्हणालो. त्या खूश झाल्या, पुढच्या वेळी दोन मैत्रिणी घेऊन आल्या. त्यांच्यापैकी कोणी भांडत नाही. पीठ जाडं आलं तरी थँक्यू म्हणतात. अशा गिऱ्हाइकांनी गिरणीवाल्याचा हात बिघडतो.

भांडायचे ते काका. उलव्याकडच्या गावचे आगरी शेतकरी. शेत खाडीच्या कडेला, खाऱ्या जमिनीत. तिथे ते राता लावायचे. राता म्हणजे तांबड्या तांदळाचं जुनं वाण, खाडीचं पाणी शेतात शिरलं तरी तग धरतं. त्याची भाकरी मऊ होते, रंगाला किंचित लालसर, आणि दुसऱ्या दिवशीही चिवट होत नाही. बाजारात मिळायचा नाही. काका घरचं भात भरडून आणायचे, काकी तो तांदूळ धुऊन सावलीत वाळवायची आणि काका तो पांढऱ्या कापडी पिशवीत घालून एसटीने पनवेलला यायचे. वाटेत गिरण्या नव्हत्या असं नाही. तिथल्या माणसांशी त्यांचं जमलं नव्हतं.

आल्याबरोबर पिशवी खाली ठेवायचे आणि तिच्या शेजारी पालथ्या डब्यावर बसायचे. मग सुरुवात.

"आदी काय दळलंस?"

"गहू."

"मंग आदी तांदूळ घाल कोनाचा तरी. गव्हाचा फुपाटा माज्या पिठात नको."

"काका, मी बत्तीस वर्षं गिरणी चालवतोय."

"म्हनूनच सांगतो."

पीठ पडायला लागलं की बाहीखाली हात धरून चिमूटभर गरम पीठ घ्यायचे आणि तोंडात टाकायचे. डोळे मिटून ते जिभेने टाळूला घासत बसायचे. गिरणी चालू, पट्टा फडफडतोय, मागे चार माणसं खोळंबलेली, आणि हे ध्यान लावून उभे. मग डोळे उघडून म्हणायचे, "चालंल." याहून मोठं कौतुक त्यांच्या तोंडून मी ऐकलं नाही.

पुढे विमानतळासाठी आजूबाजूची शेतं गेली, त्यात त्यांचंही गेलं. गावठाणात दुमजली घर झालं, टाइल्स लागल्या, गाडी आली. खाडीच्या अंगाला एक पट्टी मात्र कशी कोण जाणे शिल्लक राहिली. अंगणापेक्षा थोडी मोठी. त्या पट्टीवर काका दरवर्षी राता लावायचे. मुलगा म्हणायचा, बाबा, लोक हसतात. काका म्हणायचे, हसू दे, दात तरी दिसतील.

मागच्या साली शेजारी भराव पडला, पाणी जायची वाट बुजली आणि ती पट्टी डबकं झाली. त्याआधीचं जे भात घरात होतं तेवढंच राहिलं. तरीही काका एकदा पनवेलला आले होते. तांदूळ थोडा होता, भांडण नेहमीएवढं केलं. जाता जाता मला विचारलं, "आमच्या घरासमोर इमारत झालीय, तिच्या गेटावर पवनचक्की लावलीय. पाती फिरतात. ती काय दळते रं?"

"काही नाही दळत काका. शोभेची आहे."

"आनि फिरते ती?"

"आत मोटर असेल. विजेवर."

काकांनी पिशवी काखेत मारली. त्यांच्या घरासमोर खाडीचा वारा, त्या वाऱ्यात पवनचक्की, आणि ती फिरते विजेवर. "आनि दळत काय नाय," असं म्हणून ते एसटीला गेले. त्यानंतर गिरणीत आलेच नाहीत.

आता गिरणीतला एक नियम सांगतो, तो कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. दगड झिजतात, गुळगुळीत होतात, मग पीठ नीट पडत नाही, गरम होतं. म्हणून वर्षातून दोन-तीनदा दगड उघडून त्यांना टाकी लावायची, म्हणजे छिन्नीने नव्याने खाचा पाडायच्या. टाकी लावली की दगड धारदार होतो, पण त्याची बारीक कच सुटत राहते. म्हणून त्या दिवशी पहिल्यांदा कणी दळायची, चांगली पाच-सात किलो, आणि ते पीठ माणसाने खायचं नाही. पहिलं दळण गाईला. वडिलांनी मला गिरणी शिकवली ती या वाक्यापासून. काका तर टाकीचा दिवस कळला की आठवडाभर फिरकायचे नाहीत. गाईवरही त्यांचा विश्वास नव्हता.

या गोष्टीला फार दिवस झाले नाहीत. सकाळी टाकीवाला आला. म्हातारा माणूस आहे, आमच्या भागात आता तोच एक उरलाय. अकरापर्यंत ठोकत बसला, चहा पिऊन गेला. मी दगड बसवले, कणी ओतली, गिरणी सुरू केली. आवाज असा सुरेख लागला की मी बायकोला वरून खाली बोलावलं. ती म्हणाली, आवाज ऐकायला बोलावलंत? आणि परत वर गेली. दोनेक किलो कणी दळून झाली असेल नसेल, वीज गेली.

वीज आली तेव्हा दारात काकी उभी होती. हातात ती पांढरी पिशवी.

काकी एकटी कधी आली नव्हती. मी विचारायच्या आधीच तिने सांगितलं. काका तीन महिने आजारी होते, दोनदा दवाखान्यात राहून आले. तोंडाची चव पार गेली. भात नको, पेज नको, दूध नको. घरच्यांनी सगळं करून बघितलं. आठ दिवसांपूर्वी डॉक्टरांनी घरी पाठवलं.

"डाक्तर बोलले, जे मागंल ते द्या."

या वाक्याचा अर्थ काय तो तिला ठाऊक होता, मलाही.

"आनि आज सोताहून मागितली. राताची भाकर. तीन महिन्यांत पयल्यांदा काय मागितलं." तिने पिशवी पुढे केली. "एवडाच हाय. डब्याच्या तळाचा. आता नाय."

दीड किलोही नसेल. मी पिशवी घेतली. बाकीची दळणं बाजूला सारली. एक गृहस्थ म्हणाले माझा नंबर आहे, त्यांना मी असं काही बोललो की ते अजून आलेले नाहीत. पेटी झाडली, बाही झटकली. काकांचा फुपाटा माझ्या डोक्यात होता. गव्हाचा एक दाणाही आज दगडात गेलेला नाही याचा मला अभिमान वाटत होता. काकीला म्हणालोसुद्धा, "काकी, नशीब बघा. आजच टाकी लावलीय. असं पीठ पडेल की काका शिवी द्यायची विसरतील."

मी हे बोललो. माझ्या तोंडाने. बत्तीस वर्षं गिरणी चालवणारा माणूस.

पीठ सुरेख पडलं. काकीने पिशवी पदराखाली घेतली, रिक्षात बसली आणि गेली.

ती गेल्यावर बाहीच्या कडेला चिमूटभर लालसर पीठ राहिलं होतं. काका नाहीत तर त्यांच्या वतीने आपण चाखावं असं मनात आलं, थोडी गंमत म्हणून. चिमूट तोंडात टाकली, डोळे मिटले, जीभ टाळूला लावली.

कच्च.

कोपऱ्यात कणीची पिशवी अर्ध्याहून जास्त भरलेली तशीच होती. मी तिच्याकडे बघत खाली बसलो, काका बसायचे त्याच पालथ्या डब्यावर. मरणाच्या दारातल्या माणसाने तीन महिन्यांनी एक गोष्ट मागितली होती, आणि ती जगात एवढीच उरली होती, आणि तिच्यात मी दगड कालवला होता.

मग मनुष्यस्वभावाप्रमाणे मी विचार करायला लागलो. कच बारीक आहे. काकांची चव गेलेली आहे. कळायचंही नाही. शिवाय बाजारात कुठला ना कुठला लाल तांदूळ मिळतोच, तो दळून नेऊन दिला तर? तोही लालच की. असे एकाहून एक उत्तम विचार येत होते. तेवढ्यात गिरणी का बंद पडली म्हणून बायको खाली आली. मी तिला सगळं सांगितलं.

"अहो, मग बसलाय काय? जा की."

"जाऊन सांगू काय?"

"केलंत ते सांगा. दुसरं काय सांगणार आहात?"

स्कूटर काढली. उलव्याच्या रस्त्याला डंपरांच्या मागे धूळ खात गेलो. अंगावर पीठ, त्यावर धूळ. काकांच्या गावात शिरताना ती इमारत लागली. गेटावर पवनचक्की, चार पांढरी पाती, अगदी एका लयीत फिरत होती. वारा पडलेला होता.

काकीच्या स्वयंपाकघरात पोचलो तेव्हा उकडीचं आधण उकळत होतं आणि तिच्या हातात पिठाची वाटी होती. मी दारातूनच ओरडलो, "काकी, थांबा! टाकू नका!"

"काय झालं?"

"पहिलं दळण आहे ते. टाकीचं. कच आलीय त्यात. माझी चूक झाली. कणी पुरी दळलीच नव्हती."

काकीने वाटीतलं पीठ बोटांत चोळलं. मग माझ्याकडे बघितलं. "मेल्या," ती म्हणाली, "तुज्या हाताला काय झालंय?" तिने आतल्या खोलीकडे कान दिला आणि आवाज खाली आणला. "त्याला सांगू नको हां. वरीसभर त्याच गोष्टीवर जगंल." असं म्हणाली खरी, पण मग पदर तोंडाला लावून क्षणभर तशीच उभी राहिली.

चाळणीने ती कच निघत नाही, पिठाइतकीच बारीक असते. पण काकीला इलाज माहीत होता. तिने जेमतेम दोन भाकऱ्यांपुरतं पीठ पातेल्यात घेऊन त्यात भरपूर पाणी ओतलं, हाताने ढवळलं, क्षणभर थांबली आणि वरचं पिठाळ पाणी हलक्या हाताने दुसऱ्या पातेल्यात ओतून घेतलं. कच जड, ती आधी खाली बसते. तळाचं बोटभर तिने सोडून दिलं. असं तीनदा केलं. प्रत्येक वेळी थोडा राता तळाशी जात होता. मी तिथेच उभा होतो आणि प्रत्येक वेळी मला वाटत होतं की माझ्या अंगाचं काहीतरी काढून टाकताहेत.

"आता निवळू दे," काकी म्हणाली. "दोन तास तरी लागतील. जा, त्याच्यापाशी बस."

काका खिडकीजवळच्या खाटेवर होते. निम्मे झाले होते. मला ओळखायला त्यांना थोडा वेळ लागला, मग म्हणाले, "गिरण बंद ठेवून आलास?"

"तुम्हाला बघायला आलो."

"बग."

मी बघितलं. मग दोघेही खिडकीबाहेर बघत बसलो. समोर ती पवनचक्की. दवाखान्यातले दिवस सोडले तर तीन महिने ते हेच बघत होते.

"थांबत नाय," काका म्हणाले. "वीज गेली तरच थांबते. मी मोजलंय."

मधे त्यांना डुलकी लागली. मी त्यांचे पाय बघत होतो. खाडीच्या चिखलात आयुष्य गेलं तरी टाचा स्वच्छ होत्या आता, टाइल्सवर राहून. मला रडू यायला लागलं होतं, पण पिठाच्या तोंडावर ओघळ उमटतात आणि ते लगेच दिसतं, म्हणून आवरलं.

आतून थापल्याचा आवाज आला. पाणी ओतून टाकून काकीने खालच्या घट्ट लगद्याचीच उकड घेतली होती. मग तव्यावरच्या भाकरीचा वास आला. काकांनी डोळे उघडले.

काकीने ताटलीत भाकरी आणली आणि सोबत वाटीत माशाच्या कालवणाचं नुसतं पाणी. भाकरी लालसर, पातळ, पापुद्रा सुटलेली. तिने त्यांना उशीला टेकवून बसवलं. काकांनी स्वतःच्या हाताने तुकडा मोडला. वेळ लागला, पण काकी पुढे झाली नाही. तुकडा पाण्यात बुडवला, तोंडात घातला. चावू लागले. डोळे मिटले.

आणि थांबले.

मला काही ऐकू आलं नाही, पण जबडा थांबला तो मी बघितला. काकीनेही बघितला. काकांनी डोळे उघडून पवनचक्कीकडे बघितलं, मग तिथून नजर काढून माझ्याकडे वळवली.

"टाकी लावलीस."

"हो काका. आज सकाळी."

"पयलं दळण गाईला घालतात."

"हो काका."

"मंग मी काय गाय हाय?"

काकी ताटली तिथेच ठेवून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते, हसतेय की रडतेय ते कळेना. मी म्हणालो, "काका, चुकलो. माफ करा." आणि मग माझं काही आवरलं नाही. पिठाच्या तोंडाने रडलो. इतका पकडला गेलो होतो आणि त्याचा इतका आनंद झाला होता की काय सांगू.

तीन महिने त्या जिभेला काही कळत नव्हतं. काकांनी तोंडातला घास सावकाश चावून गिळला. ओठ चाटले. "राताच हाय," ते काकीला म्हणाले, जणू ती दुसरंच काही देईल अशी त्यांना शंका होती. दुसरा तुकडा मोडला. तिसरा. मग हनुवटीने खिडकीकडे खूण केली आणि मला म्हणाले, "तिच्यापेक्षा तू बरा. चुकतोस, पन दळतोस तरी."

अर्ध्याहून जास्त भाकरी खाल्ली त्यांनी. मी स्कूटरवरून गिरणीत परत आलो आणि पहिल्यांदा उरलेली कणी दळली.

महिन्याभराने काकी आली. कपाळ मोकळं. बरोबर मुलगा होता, तो गाडीतच बसून राहिला. मी उठून उभा राहिलो. काकीने ती पांढरी पिशवी माझ्यासमोर ठेवली. तळाशी थोडं पीठ होतं.

"अकरा दिवस खाल्ली," ती म्हणाली. "रोज अर्धी. रोज निवळून दिली, रोज बोलला, कच हाय. नसली तरी बोलायचा." मग पिशवीची गाठ सोडत म्हणाली, "शेवटी बोलला, उरलंलं गिरणवाल्याला खायला घाल. न निवळता."

बायको खाली आली होती. तिने पिशवी घेतली आणि काकीला हाताला धरून वर नेलं. मी गिरणीला कुलूप लावलं. भर बाजाराच्या वेळी, दुपारी बाराला, वडिलांच्या वेळेपासून असं कधी झालं नव्हतं. पीठ जुनं झालेलं, भाकऱ्या थापताना कडेने चिरत होत्या. काकीने तीन केल्या, तेवढंच पीठ होतं. आम्ही तिघं स्वयंपाकघरात पाट मांडून बसलो. बायको म्हणाली, वर थोडं तूप घालू का? काकी म्हणाली, नको.

पहिल्या घासाला कच्च झालं. दुसऱ्यालाही. शेवटचा राता आम्ही सगळा खाल्ला.